बेचाळिसावी ओळ

बोट खारट लागलं नाही.

झालं एवढंच. सकाळची वेळ, परभणीतल्या भाड्याच्या दोन खोल्या, पुढचा ओटा, ओट्यावर ओळीनं मांडलेले डालड्याचे रिकामे डबे, डब्यांत माती आणि मातीत गहू. उन्हात सरकवावा म्हणून चंद्रभाननं एक डबा उचलला. बुडाच्या भोकातून दोन थेंब बोटावर ओघळले आणि बोट सवयीनं तोंडात गेलं. ही त्याची जुनी खोड. गहू संशोधन केंद्रावर सगळे हसायचे, लोक माती हातात घेऊन बघतात, हा चाटून बघतो. जीभ वाट बघत राहिली. खारट यायचं होतं, ते आलं नाही. त्याला वाटलं, जिभेचंच चुकलं असेल, चहा गरम होता. त्यानं पुन्हा बोट लावलं. गोडं पाणी. नळाचं, थोडं गंजाच्या वासाचं. त्यानं शेजारचा डबा उचलला. खारट. पलीकडचा. खारट, इतका की घशाशी कडू झालं. रोज संध्याकाळी तो बादलीत खडेमीठ विरघळवून सगळ्या डब्यांना सारखं घालायचा. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. त्या पाण्यानं बाकीच्या डब्यांतला गहू टोकांकडून करपत खाली आला होता. पानं जळक्या दोऱ्यांसारखी. एकाच वाणाचे डबे तेवढे हिरवेगार उभे होते, आणि त्या हिरव्याकडे बघत रोज सकाळी तो चहा प्यायचा. बेचाळीस नंबर. बेचाळीस नंबरच्या सगळ्या डब्यांत पाणी गोडं होतं.

आत त्याची माय चांगुणाबाई मानेला दवाखान्याचा पट्टा बांधून भिंतीला टेकून बसली होती. मान खाली होत नाही म्हणून सूप डोळ्यांसमोर उचलून धरून तांदळातले खडे वेचत होती. पेडगावाहून तिला दिवाळीनंतर आणलं होतं. डॉक्टरनं फोटो काढला होता मानेचा. फोटोत मणके एकमेकांवर बसलेले, झिजलेल्या जात्यासारखे. डॉक्टरनं विचारलं होतं, "बाई, डोक्यावर ओझं किती दिवस वाहिलं?" आणि माय हसून म्हणाली होती, "आता त्येचा काय हिशेब, डाक्टरसाब. डोस्कं हाय तर ओझं हाय." चंद्रभानलाही त्या वेळी हसू आलं होतं. वस्तीत हापसा बसून चार-पाच वर्षं झाली, दाराशी पाणी, जळण सुनेच्या माहेराहून बैलगाडीनं येतं, मग हे ओझं कसलं, असा प्रश्न त्याला त्या वेळी पडायला हवा होता. पडला नाही. संशय घेणं हा ज्याचा धंदा, त्याला घरात संशय येत नाही. घर म्हणजे संशयाची सुटी.

आता प्रश्न पडला. पडला म्हणजे वरून काहीतरी पडावं तसा. ओट्यावर उभं राहून त्याला ऐकू येत होतं, रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या, शेजारचा रेडिओ बाजारभाव सांगत होता, आणि आत सुपात तांदूळ वर जाऊन खाली येत होते. सगळं होतं तसंच होतं. फक्त त्याच्या तोंडात चव नव्हती.

"माय," तो दारात येऊन म्हणाला, "डब्यायला पाणी तू घालायलीस का?"

"कोन्च्या डब्यायला?"

"गव्हाच्या."

"थोडं थोडं," माय म्हणाली. सूप थांबलं नाही. "आदी खालून निथळू देते खारं, मग घालते. नळ आला की."

"सगळ्यायला?"

"सगळे कशाला? जे तुव्हं हाय त्येला."

त्याची बायको कमल शाळेत जायच्या घाईत केस विंचरत होती. नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. ती आरशातूनच म्हणाली, "आत्या, पाणी कशाला, दूधच पाजा की त्याला. मह्या चहाला न्हाई पुरलं तरी चालंल." माय खुदकन हसली. मान हलली तशी कळ आली, तरी हसली. चंद्रभान हसला नाही. कमलनं आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातला कंगवा केसांतच राहिला.

"जे माहं हाय ते तुला कसं कळलं?"

"आता बया. उठलास की पयलं कोनाकडं बघतूस, तेवढंबी कळत न्हाई व्हय मला? तू ल्हान हुतास तवापसून बघायलेय मी, तू कोनाकडं बघतूस ते."

याच्यापुढचं त्याला विचारायचं नव्हतं. विचारायला हवं होतं पण विचारायचं नव्हतं. समोर विहीर दिसत असताना पाय पुढे पडावा तसं त्यानं विचारलं.

"शेतातबी घातलंस?"

आता सूप थांबलं. माय त्याच्याकडे बघत राहिली. घाबरून नाही. त्याला हे आज कळतंय याचंच तिला नवल वाटत होतं.

"मग आलं कसं आसंल रं ते?" ती म्हणाली.

गहू मिठात येत नाही. हे कुणीही सांगेल. केंद्रावरचे त्याचे साहेब दिनकरराव पहिल्या दिवशी म्हणाले होते, चंद्रभान, मिठात लोणचं येतं, गहू नाही येत. सगळे हसले होते, तोही हसला होता, साहेबांच्या विनोदाला हसायची रीत होती म्हणून. पण त्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा पेडगावच्या खालच्या अंगाची जमीन होती. चुलत्यांची, आश्रुबातात्याची, त्याच्या स्वतःच्या मायची. वस्तीतल्या सगळ्या बौद्ध घरांची जमीन त्या एकाच उतारावर, कारण गावानं ती कधी मागितली नव्हती. खोल, काळी, ज्वारीपुरती बरी. मग वरच्या अंगानं कालवा आला. वर गावातल्या दत्तरावांचा ऊस उभा राहिला. उसाला पाणी सुटलं की ते जमिनीखालून गुपचूप उतरत खाली यायचं, आणि दोन-तीन सालांत खालच्या रानावर सकाळी पांढरं फुलायला लागलं. आधी लोकांना वाटलं दव असेल. मग बाया म्हणाल्या, कुणीतरी पीठ सांडलं. मग ज्वारी उगवेना. आश्रुबातात्या म्हणायचा, "आदी वरून ओंजळीत पानी टाकीत हुते, हात लागू नये म्हनून. आता जमिनीखालून धाडायलेत. आपल्यावर लय जीव हाय त्यांचा." चंद्रभान तेव्हा बी. एस्सी. होऊन नुकता केंद्रावर लागला होता. गावात गेला की तात्या त्याला बांधावर न्यायचा, पांढरी माती त्याच्या तळहातावर ठेवायचा. ठेवायचा आणि बघायचा. ती माती चाटून बघायची सवय तिथली.

आणि म्हणून गहू. राजस्थानाकडच्या खाऱ्या रानातला एक उंच, लाल, कुसळांचा गहू होता, मिठात तगणारा पण दाणा हलका, वाऱ्यानं आडवा होणारा. इकडे नवा बुटका गहू, भरघोस, पण मिठाचं नाव काढलं की मान टाकणारा. एकाच्या ओंबीतले कोवळे पुंकेसर चिमट्यानं, श्वास रोखून, एकेक काढायचे, वर कागदी पिशवी चढवायची, दोन दिवसांनी दुसऱ्याचा पराग आणून झटकायचा. नवराबायकोचं भांडण न होऊ देता लग्न लावायचं काम, असं दिनकरराव म्हणायचे. मग ते लेकरू पेरायचं, त्याची लेकरं पेरायची, पिढ्यांमागून पिढ्या, आणि प्रत्येक पिढी खाऱ्या रानात मरायला सोडायची. केंद्राकडे खारं रान नव्हतं. दिनकरराव म्हणाले, तुझ्या आईच्या शेतात कर. बी घे, पिशव्या घे. आणि एक लक्षात ठेव, हे दयाळू माणसाचं काम नाही. शंभरातले नव्याण्णव मरू द्यायचे, आणि जो उरेल त्याच्याकडेही चोराकडे बघावं तसं बघायचं.

त्यानं तसं बघितलं होतं. दर साली ओळींची जागा तो बदलायचा. कुठली ओळ कुठली, ते फक्त त्याच्या खिशातल्या नकाशावर. शेतात ना पाटी ना खुंटी. एखाद्या ओळीवर जीव बसू नये म्हणून त्यानं स्वतःपासूनसुद्धा लपवून ठेवलं होतं, आधी बघायचं, मग नकाशा काढायचा. आणि तरी दर साली नकाशा काढला की बेचाळीस. रानभर करपलेलं, पिवळं, मुंडावळ्या सुकाव्यात तसं, आणि मध्ये एक ओळ उभी. एका साली त्याला रडू आलं होतं. बांधावर बसून, नकाशा गुडघ्यावर ठेवून. माय तेव्हा कुठं होती? माय समोरच होती. डोक्यावर घागर, घागरीखाली चुंबळ. रानातून घराकडे चालली होती, आणि रिकामी घागर डोक्यावर वेगळी बसते, मान तिला वेगळी धरते, हे त्याला तेव्हा दिसलं होतं. दिसलं होतं आणि कळलं नव्हतं. आता बसमध्ये कळत होतं.

पेडगावच्या बसमध्ये तो आणि माय. कमल म्हणाली होती, मानेला हादरे बसतील, त्यांना कशाला नेता. पण माय पट्टा सोडून, डोक्यावरून पदर घेऊन आधीच दारात उभी होती. "मव्हं रान हाय. मी येनार." खिडकीतून थंड हवा येत होती. जानेवारीचा महिना, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, आणीबाणीतल्या घोषणा भिंतींवर अजून अर्ध्या पुसलेल्या. बस खड्ड्यात गेली की माय दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरायची, घागर धरावी तसं. चंद्रभान बघत होता आणि त्याला ते मणके दिसत होते. डॉक्टरनं उजेडापुढे धरलेले. पांढरे.

त्याचं खरं भय या ओळीचं नव्हतंच. ओळ गेली तर गेली, पाच-सहा वर्षं गेली, साहेब हसतील, पुन्हा चिमटा हातात घ्यायचा. पण यंदा त्यानं एक केलं होतं. दसऱ्याच्या आधी मुकादम वस्तीत आला होता, ऊसतोडीला माणसं न्यायला. आश्रुबातात्या, त्याची बायको तानुबाई, आणि अजून चार-पाच घरं, सगळी बिऱ्हाडं बांधायला निघाली होती. या खेपेला ती परत येणार नव्हती. जमीन दत्तरावांना उसाचं खत टाकायला देऊन टाकायची, असं ठरत आलं होतं. चंद्रभाननं तात्याला हाताला धरून बांधावर नेलं होतं. बेचाळीसचं बी त्याच्या पदरात घातलं होतं. म्हणाला होता, एक साल थांबा. हा गहू मिठात येतो. मी बघितलंय. तात्यानं बी तळहातावर घेऊन नखानं टोकरलं होतं आणि म्हणाला होता, "तू म्हनतूस म्हंजे हाय." मुकादम त्यांना न घेता गेला. तात्याची जमीन, तिच्या लगतच्या सगळ्या जमिनी, अख्खा उतार, या रब्बीत बेचाळीसनं पेरला होता. पुढच्या आठवड्यात दिनकरराव पुण्याहून शेतीखात्याच्या माणसांना घेऊन बघायला येणार होते. मिठात आलेला गहू.

आणि गहू मिठात आलेला नव्हता. गहू मायच्या डोक्यावर आला होता.

"कधीपसून?" त्यानं बसमध्येच विचारलं. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं.

"काय कधीपसून?"

"पाणी."

माय खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू रानात आलास की एकाच ठिकानी लय येळ उभा राहायचास. बाकी समदीकडं चालत जायाचास, तिथं थांबायचास. मला वाटायचं, हे आवडायलंय याला. मंग तू गेलास की आनायचे वरच्या हिरीवरून दोन-चार खेपा. हापशाचं बी थोडं खारं लागतं आता. हिरीचं लय ग्वाड हाय." थोडं थांबून म्हणाली, "मला वाटलं तुला ठावं हाय."

म्हणजे नकाशा वाया, पाट्या न लावणं वाया. त्यानं ओळ निवडली नव्हती. पहिल्याच साली कधीतरी, एखादं रोप बरं दिसलं म्हणून असेल, की पायाला काटा लागला म्हणून असेल, तो तिथं क्षणभर जास्त थांबला होता. बस, तेवढंच बेचाळीस नंबरचं कर्तृत्व. पुढच्या साली त्यानं जागा बदलली तरी हिरवं होतं त्याचंच बी पेरलं गेलं, उगवल्यावर ठेवण ओळखीची वाटून त्याचे पाय पुन्हा त्याच्याचपाशी थांबले, आणि पायांमागून घागर आली. तो बघत होता म्हणून ते जगलं, आणि ते जगलं म्हणून तो बघत होता. पाच-सहा वर्षं त्यानं गव्हाची पैदास केली नव्हती. स्वतःच्या उभं राहण्याची केली होती. बसच्या पत्र्याला डोकं टेकलं तेव्हा त्याला सुला आठवली.

सुला त्याची धाकटी बहीण. दुपार होती, भर दुपार, आणि हगवण लागून तिसरा दिवस. घरात उन्हाची एक पट्टी, पट्टीत सुलाचे पाय. ओठांच्या कडांना पांढरं धरलेलं, फुललेलं, रानावर फुलतं तसं. पण रानावर फुलायला अजून लय वर्षं होती, तेव्हा कालवा नव्हता. ती पाणी मागत होती. मोठ्यानं नाही. पाणी हा शब्दसुद्धा नाही, नुसती जीभ बाहेर येऊन आत जायची. आणि दारात त्याचा थोरला चुलता लिंबाजी उभा, जाणता माणूस, वस्तीचा आधार. सगळे त्याचं ऐकायचे. तो म्हणत होता, "पानी देऊ नका. हगवनीत पानी दिलं की वाढती. पोटात काई जाऊ देऊ नका, आपोआप बंद हुईल." कुणाचंही लेकरू असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं, सगळीकडे हेच सांगत. माय सुलापाशी बसलेली, मांडीत तांब्या, आणि तांब्याच्या तोंडावर तिनं आपला हात झाकण घातल्यासारखा ठेवलेला. तो हात. सुलाची जीभ बाहेर यायची आणि मायचा हात तांब्याच्या तोंडावर अजून घट्ट व्हायचा. चंद्रभान चौकटीला टेकून उभा होता. तो बघत होता. तो कुणाकडे बघत होता? पट्टी सरकत सुलाच्या गुडघ्यापर्यंत आली. मग आपोआप बंद झालं.

या खेपेला दवाखान्यात मानेच्या रांगेत बसले असताना शेजारी एक बाई लेकरू घेऊन बसली होती, आणि नर्स तिच्यावर ओरडत होती, "पाणी बंद केलं म्हणता? अहो, हगवणीत पाणी बंद करतात का? उलट पाजा. चिमूटभर मीठ आणि साखर घालून सारखं पाजत राहा, वाचतं लेकरू." मायनं ते ऐकलं होतं. चंद्रभाननं तिच्याकडे पाहिलं नव्हतं. तिनंही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते, आणि भिंतीवर काहीच नव्हतं. त्यानंतरच्या सकाळपासूनच कदाचित माय डब्यांतलं खारं निथळून टाकायला लागली असेल. की आधीपासून? मीठ घालून वाचतं, मीठ काढून वाचतं. पाणी देऊन मरतं, न देऊन मरतं. कुणीतरी जाणतं दारात उभं राहतं आणि सांगतं, आणि सांगणाऱ्याचा आवाज नेहमी शांत असतो.

"उतरा, पेडगाव," कंडक्टर म्हणाला.

फाट्यापासून वस्तीपर्यंतची वाट, मग हापसा, मग उतार. माय भराभर चालत होती, मानेचं काही नसल्यासारखी. चंद्रभान मनाशी शब्द जुळवत होता. तात्या, चूक झाली. तात्या, हा गहू खरा नाही. तात्या, तुम्ही गेला असता तर बरं होतं. यातलं कुठलंच तोंडातून निघणार नाही असं त्याला वाटत होतं, आणि रान करपलेलं दिसलं तर निदान बोलावं लागणार नाही, रानच बोलेल, असंही वाटत होतं. उताराच्या तोंडाशी आला आणि थांबला.

रान हिरवं होतं.

सगळं नाही. पट्ट्यापट्ट्यांनी. तात्याच्या बांधापासून खाली, प्रत्येकाच्या तुकड्यात, वाटेच्या कडेनं हिरवं, आणि आत गेलं की पिवळं, आणि त्याच्याही आत पांढरं. आणि वरच्या विहिरीपासून या उतारापर्यंत बायांची रांग. तानुबाई पुढे, मागे तिच्या सुना, मागे शेजारच्या घरांतल्या, एकीच्या पाठीला लेकरू बांधलेलं. घागरी, हंडे, कुणाकडे रंगाचा रिकामा डबा. ओल्या चुंबळींचं पाणी कपाळावरून ओघळत होतं. येत होत्या, वाकत होत्या, गव्हाच्या बुडाशी पाणी सोडत होत्या, परत वर जात होत्या. कुणी बोलत नव्हतं. बोलायला मान मोकळी लागते.

आश्रुबातात्या बांधावर बसून तंबाखू मळत होता. "ये की," तो म्हणाला, "आलास का सायब? तुह्या गव्हानं समद्या बायका राबवून घेतल्या बग. लगीन करून आनल्या तवा यवढं पानी न्हाई वाहिलं त्यायनी."

"कुणी सांगितलं पाणी घालायला?"

"तुह्या मायनं. दिवाळी झाल्यावर, जाताना. म्हनली ह्या गव्हाला ही एक सवय हाय." तात्यानं तंबाखूची चिमूट गालात धरली. "आमाला वाटलं तूच सांगून धाडलं आसंल. मिठात येतो पर पानी लागतं. तसं काय, समद्यायलाच लागतं."

तानुबाई हंडा उतरवून पुढे आली. मान दुखत असावी, एका बाजूला वाकडी धरली होती. "हिरीनं तळ दाखिवला बाबा," ती म्हणाली. "चैतात प्यायला राहील का न्हाई काय म्हाईत. पर चैतापस्तोर गहू निघतोय की न्हाई?" आणि मग थट्टेनं, "पुन्याचे सायब येनार हायेत म्हनं. त्यायला सांग, आमचे फोटू काढा. गव्हाचे नगा काढू."

बाया हसल्या. हसताना कुणाचीच मान हलली नाही.

तो आठवडाभर गप्प राहिला असता तरी चाललं असतं. हे त्याला त्याच क्षणी स्वच्छ दिसलं. पुण्याची माणसं वाटेवर उभी राहतील, वाटेच्या कडेचं हिरवं बघतील, मान डोलावतील. बी गोण्यांनी जाईल, चुडाव्याकडं, जिंतुराकडं, जिथं जिथं कालव्याखाली पांढरं फुललंय तिथं. आणि तिथंही प्रत्येक रानात कुणाची तरी माय असेल. किंवा नसेल. त्याची जीभ आपोआप बाहेर येऊन ओठांवरून फिरली. ओठ खारट होते. घाम.

"तात्या," तो म्हणाला, "घागरी खाली ठेवायला सांगा."

"का रं?"

"पाणी देऊ नका."

आवाज त्याचाच होता. शांत होता. त्यानं तो ओळखला, पण तो बोलतच राहिला, थांबला असता तर पुन्हा सुरू झाला नसता. "हा गहू मिठात येत नाही. माझी चूक झाली. मायनं पाणी घातलं म्हणून तो आला. आता पाणी बंद करा, विहिरीचं प्यायला ठेवा. जे मरायचं ते मरू द्या. सगळं मेलं तर सगळं. त्यातून एखादं उरलं तर ते खरं, तेवढ्याचंच बी धरता येईल."

तात्याच्या गालातली तंबाखू तशीच राहिली. "आन आमी?" तो म्हणाला. "आमी थांबलो ना रं तुह्यासाठी."

  बायांनी घागरी खाली ठेवल्या, एकेक. मातीला घागर टेकण्याचा आवाज, पुन्हा तो आवाज. आणि त्या सगळ्या चांगुणाबाईकडे बघायला लागल्या.

माय बांधाच्या कडेला खाली बसली होती. कुणाची तरी भरली कळशी तिनं उचलून मांडीत घेतली होती आणि कळशीच्या तोंडावर हात ठेवला होता. झाकण घातल्यासारखा. ती चंद्रभानकडे बघत होती. या नजरेनं तिनं आजवर त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. ही नजर त्याच्या ओळखीची होती. चौकटीला टेकून त्यानं ती दारातल्या माणसावर रोखलेली पाहिली होती.

"उरलं न्हाई तर?" ती म्हणाली.

"न्हाई तर न्हाई, माय."

तिनं हात काढला नाही. पाणी ओतलंही नाही. तो वळला आणि रानात शिरला, बघायला तर हवंच होतं, दुसरं त्याला काही येत नव्हतं. वाटेच्या कडेचं हिरवं मागं गेलं. मग पिवळं, टोकं जळालेलं, पायाला लागलं की चुरचुर वाजणारं. मग पांढरं. इथपर्यंत कुठलीही घागर आली नव्हती, माती फुटलेल्या पापडासारखी होती, पाण्याचा एकही डाग नव्हता. पुढे, डाव्या हाताला, त्या पांढऱ्यात एक रोप उभं होतं.

एकच. बुटकं, पण पोटऱ्यातून ओंबी काढलेलं. पानांची टोकंसुद्धा जळालेली नव्हती. रंग गव्हाचा नेहमीचा नव्हता, थोडा निळसर, राख लावल्यासारखा, त्या राजस्थानी आज्याचा असावा तसा. त्याच्या भोवती हातभर सगळं मेलेलं. त्याच्या बुडाची माती त्याला चाटून बघायची होती. गुडघ्यावर बसून त्याच्या खोडाला बोट लावायचं होतं. पाच-सहा वर्षांत आपण जे पाहिलं असं तो समजला होता, ते बहुधा हे होतं. आणि त्याच्या पाठीवर, बांधावरून, सगळ्यांची नजर होती. तात्याची, तानुबाईची, बायांची. मायची.

थांबायचं नव्हतं. तो जिथं थांबेल तिथं आज संध्याकाळी, उद्या पहाटे, तो परभणीला पोचायच्या आत, पाणी पोचेल. हात कळशीवरून निघेल. एका घागरीनं हे रोप खोटं होईल आणि मग ते खरं होतं की नव्हतं, हे जगात कुणालाही कधी कळणार नाही. खूण करायची नव्हती. मान वळवायची नव्हती. पाऊल जेवढं मागं पडलं तेवढंच पुढं पडायला हवं होतं, मेलेल्या रोपापाशी जेवढं तेवढंच जित्या रोपापाशी. रोप डाव्या हाताला आलं. हात सहज खाली सोडला असता तर कुसळं बोटांना लागली असती. त्यानं हात छातीशी बांधून घेतले. रोप मागं गेलं.

तो चालत राहिला, पांढऱ्यातून, रानाच्या दुसऱ्या कडेपर्यंत. त्याचं पाऊल तिथं किंचित अडखळलं की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. मागं वळून पाहिलं असतं तर मायची नजर कुठं लागलीय ते कळलं असतं.